डावीकडचा समुद्र

९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय मास्तरीणबाई,

आशीर्वाद द्यावेत इतकी तू आता लहान नाहीस, आणि नणंदेला नमस्कार घालण्याइतकी मी शहाणी झालेली नाही. तेव्हा नुसतीच खूप खूप आठवण. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या शाळेचे वार्षिक खेळ पार पडले असतील आणि नेहमीप्रमाणे तुझा घसा बसला असेल. कोमट पाण्याच्या गुळण्या कर आणि थोडे दिवस शिट्टी कपाटात ठेव.

तुझं पत्र मिळालं. मी दुकानातून आले तर तुझा दादा दारातच उभा, हातात पत्र. "बघ, आमचं शेंडेफळ चाळिशीचं झालं आणि अक्कल अजून यायचीय," म्हणाला. म्हणजे किती खूश होता ते तुला वेगळं सांगायला नको. तुझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला किनाऱ्याच्या रस्त्यानं सायकलवर दीपगृहापर्यंत जायचं आणि संध्याकाळच्या आत घरी यायचं, हे तुम्हा भावंडांनी माझ्या लग्नाआधीच ठरवून ठेवलं होतं म्हणे. माझ्यासमोर ठरलं असतं तर मी तेव्हाच खोडा घातला असता. आता मलाही ओढताय. माझं सायकल चालवणं तुला माहीत आहे. उतारावर मी उतरून चालते.

जेवणं झाल्याबरोबर स्वारीनं टेबल मोकळं करून घेतलं. मोठा कागद, तीन पेन्सिली, खोडरबर, पट्टी. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत इतकी वर्षं नळांचे नकाशे काढले, पण एकाही नळासाठी त्याचा चेहरा इतका फुलला नसेल. उजाडायच्या आत निघायचं, कारण ऊन तापलं की तुमची मोठी मावशी जागी होते. (समोरच्या वाऱ्याला तुम्ही भावंडं मोठी मावशी म्हणता, हे कळायला मला लग्नानंतर दोन वर्षं लागली. खऱ्या मावशींना भेटल्यावर पटलं. त्याही छातीवर हात ठेवूनच अडवतात, "कुठे निघालात एवढ्यात?") होड्या दुरुस्त करतात त्या आवारापाशी डांबराच्या वासात पहिला थांबा. पुलाच्या अलीकडे चहा. मग चढ. चढावर मला ढकलण्याची जबाबदारी तुझी, असं त्यानं ठरवून टाकलंय. दुपारी दीपगृहाच्या पायथ्याशी डबा खायचा, तासभर पडायचं आणि मग मावशीला पाठीशी घेऊन परत. जाताना समुद्र डावीकडे, येताना उजवीकडे.

सुंदर झालाय नकाशा. टेकड्या, वळणं, चहाची टपरी, पुलाचे खांबसुद्धा. फक्त समुद्र काढायचा राहिला. मी म्हटलं, "अहो नकाशेवाले, समुद्र कुठाय?"

"समुद्र कुठे जाणार? तो आहेच की," म्हणाला.

मी हसले. खरंच आहे, तो कुठे जाणार.

बाकी विशेष काही नाही. शेजारच्यांनी घराला पिवळा रंग दिलाय, संध्याकाळी आमच्या भिंतीसुद्धा पिवळ्या दिसतात. तुझ्या दादाचा हात आता पूर्ण सुधारला आहे, पायाचंही अडत नाही. ऑगस्टमध्ये इस्पितळात तू त्याला पाहिलंस, त्याच्याशी आताची काही तुलनाच नाही. पुढच्या महिन्यापर्यंत वेळ आहे, तू तिकिटाची घाई करू नकोस. शाळेची रजा, परीक्षा, सगळं नीट बघून मग ठरव.

आणि हो, उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव. घरी टपाल हल्ली वेळेवर येत नाही.

तुझी,
वहिनी


१९ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय बाई,

तुझं पाकीट आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी दोन बोटांत धरून माझ्यापुढे ठेवलं. "या वयात दुकानाच्या पत्त्यावर पत्रं?" म्हणाले. मी म्हटलं, "नणंदेचं आहे." तर म्हणाले, "मग जास्तच सांभाळा."

तू तिकीट काढलंस. मला वाटलंच होतं. आणि शेवटी एका ओळीत विचारलंस, "घरी टपाल वेळेवर येत नाही, तर माझं आधीचं पत्र कसं आलं?" तू मुलांना धावायला शिकवतेस, पण तुझं लक्ष मात्र हलत नाही.

डोळे तपासायच्या खोलीत बसून लिहितेय. बाहेर गिऱ्हाईक नाही. समोर उजेडाच्या पेटीवर अक्षरांचा तक्ता आहे, त्याच्या प्रकाशात कागद दिसतो. फोनवर हे बोलता आलं नसतं. घर दोन खोल्यांचं, आणि मी फोन घेतला की तो "तिला विचार, तिला सांग" करत शेजारी येऊन बसतो. तूही म्हणालीस, दादाचा आवाज अगदी पहिल्यासारखा आहे. आहेच. आवाजाला, हसण्याला, टोमण्यांना अर्धांगाच्या त्या झटक्यानं हात लावला नाही.

ताटापासून सांगते. ताट वाढलं की तो उजवीकडचं सगळं खातो आणि म्हणतो, "आज भाजी नाही केलीस?" भाजी डावीकडे असते. मी पाणी ठेवायच्या निमित्तानं ताट अर्धं फिरवते. मग म्हणतो, "ही काय, होती की." आता मला हे इतकं सराईत झालंय की माझं बोलणंही मध्ये थांबत नाही. दाढी अर्धी करतो. सदऱ्याची डावी बाही लोंबत राहते आणि तो बटणं लावून मोकळा होतो. तुझं पत्र त्यानं मला वाचून दाखवलं ना, ते प्रत्येक ओळीच्या मध्यापासूनच वाचलं आणि मग म्हणाला, "काहीही लिहिते, वाक्याला वाक्य लागत नाही. पण भावना पोचल्या."

मला वाटलं, डोळे. माझा धंदाच तो. एका रविवारी मालकांकडून किल्ली घेतली, त्याला याच खुर्चीत बसवलं आणि तक्ता लावला. शेवटची, मुंगीएवढी ओळ त्यानं फडाफड वाचली. फक्त तिची उजवीकडची अक्षरं. भिंगं बदलून बदलून पाहिली. प्रत्येक वेळी तीच अक्षरं, तितकीच स्पष्ट. "झालं का समाधान?" म्हणाला, "तुझ्यापेक्षा माझे डोळे चांगले आहेत." ते खरं आहे. मी किती वेळ भिंगं बदलत होते कोण जाणे. दुसरं काय करायचं ते मला येत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मग समजावून सांगितलं. डोळे पाहतात, पण डोक्यात डाव्या बाजूची हजेरीच घेतली जात नाही. मी विचारलं, तिथे त्याला अंधार दिसतो का? तर तसंही नाही. अंधार असता तर त्याला कळलं असतं की काहीतरी दिसत नाहीये. तुझ्या भाषेत सांगायचं तर, मूल गैरहजर असलं तरी पटावर त्याचं नाव असतं. इथे पटावरच नाव नाही. त्याच्या लेखी डावीकडे काही नसतंच, म्हणून काही चुकतंय असंही त्याला वाटत नाही.

त्याला सांगितलं का, असं तू विचारशील. डॉक्टरीणबाईंनी माझ्यादेखत सांगितलं, दोनदा. त्यानं मान डोलावली. बाहेर पडल्यावर म्हणाला, "हुशार आहे बाई, पण जरा जास्त बोलते." दुसऱ्या गावच्या पावसाची बातमी ऐकावी तसं ऐकलं त्यानं. मी सांगितलं तर म्हणाला, "तू पण तिच्या नादाला लागलीस?" हे हळूहळू कमी होईल म्हणतात. बऱ्याच जणांचं होतं. किती दिवसांत ते कुणी सांगत नाही. होईल, होईल म्हणत मी तुला कळवायचं पुढे ढकलत राहिले.

गेल्या शनिवारी मी आंघोळीला गेले तेवढ्यात त्यानं सायकल काढली. सरावाला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा असतो, डावीकडेच. त्याला घासत घासत गेला तो, टेम्पोच्या लांबीभर. घरी आला, स्टँड लावला आणि मला म्हणाला, "अजून जमतं गं." डाव्या कोपरातून रक्त फरशीवर टपकत होतं. मी त्याचा हात धरला तेव्हा त्यानं विचारलं, "हे कुणाचं?"

आता तो रस्ता आठव. पुलापर्यंत कमरेएवढा कठडा आहे. पुढे चढावर तोही नाही. नुसती पांढरी रेघ आणि खाली खडक. जाताना समुद्र डावीकडे.

नकाशात तो का नव्हता हे मला त्याच रात्री कळलं होतं. हसले ती त्याच्यासाठी.

म्हणून एक मागणं आहे. तू नाही म्हण. शाळा रजा देत नाही म्हण, गुडघा दुखावला म्हण, काहीही. माझं तो ऐकत नाही. सायकलची किल्ली लपवली तर कुलूप तोडून नवं आणलं. पण तू येत नाहीस म्हटल्यावर तो एकटा जाणार नाही. चार दिवस रागावेल, माझ्यासमोर तुला शिव्या घालेल. तेवढं सोस.

अजून एक सांगायचं होतं, पण गिऱ्हाईक आलंय. आजोबा आहेत, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा हरवला म्हणून आलेत.

तुझी,
वहिनी


२ मार्च, रविवार

प्रिय बाई,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. "दादाशी मी खोटं बोलणार नाही. त्याला पटेल असं काहीतरी करून तूच दाखव. इतकी वर्षं नकाशे काढलेत त्यानं, त्याला कागदावरची चूक कळेल." खेळाच्या मास्तरणीला हे सोपं वाटतं. शिट्टी फुंकली की सगळे जागच्या जागी उभे राहतात.

पण तुझं ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना.

काल दुपारी तो नकाशा घेऊन बसला होता. परतीच्या वाटेवर अजून एक थांबा हवा का, असं काहीतरी चाललं होतं. मी म्हटलं, जरा दे बघू. कागद हातात घेतला आणि पालथा न घालता नुसता अर्धा फिरवून, खालची कड वर, असा त्याच्यापुढे ठेवला.

"कोरा कागद कशाला?" म्हणाला. "आहेत माझ्याकडे."

मी तो फिरवला. "हां, हा माझा."

परत फिरवला. "पुन्हा कोरा. काय चाललंय तुझं?"

"एकच कागद आहे," मी म्हटलं.

"जादू शिकलीस की काय दुकानात?" हसत होता. मग थांबला. त्यानं कागदाच्या कडेवर बोट ठेवलं, कचेरीत समास तपासायचा तसं, आणि कडेकडेनं फिरवत निघाला. एक कोपरा, दुसरा कोपरा. बोट जिथे गेलं तिथे नजर जात नव्हती. बोट मात्र कागदावरून उठत नव्हतं. मग मान वळायला लागली. गंजलेला नळ वळवावा तशी, थोडी, मग थोडी. आणि त्याला दुसऱ्या बाजूला स्वतःचा रस्ता सापडला. त्याच्या टेकड्या, त्याची टपरी, उलट्या.

बराच वेळ तो दोन्हीकडे बघत होता. कागद त्यानं स्वतः सरळ केला.

"समुद्र राहिला," म्हणाला.

"हो."

"अर्धा कागद मोकळा सोडलाय मी. शिकाऊ पोरानं असा नकाशा आणला असता तर मी त्याच्या तोंडावर फेकला असता."

मग त्यानं विचारलं, "अजून काय काय नाहीये?"

मी सांगितलं. अर्धं ताट, अर्धी दाढी, सदऱ्याची बाही. टेम्पो. तो कोपरावरची खपली चाचपत होता.

"आणि?"

गेल्या वेळी अर्धवट राहिलं ते हेच, बाई. आमच्या पलंगावर मी डावीकडे झोपते, लग्नापासून. तो सकाळी उठतो आणि मला हाका मारतो. स्वयंपाकघराच्या दिशेनं. मी शेजारी असते. सुरुवातीला मी ओ द्यायचे, तर तो दचकायचा, इकडेतिकडे बघायचा, आवाज कुठून आला ते त्याला सापडायचं नाही. आता मी हळूच उठते, पलंगाला वळसा घालते आणि दारातून आल्यासारखी येते. "किती वेळ हाका मारतोय," तो म्हणतो. "काम होतं," मी म्हणते.

एकदा उजवीकडे झोपून पाहिलं. सकाळी डोळे उघडताच मी त्याला दिसले, तर असा खुलला की विचारू नकोस. "आज इकडे कुठे?" त्या आठवड्यात मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, मी जागा बदलली. तर त्या म्हणाल्या, असं करू नका. तुम्ही डावीकडेच बसा, डावीकडूनच बोला. शोधायला माणूस असेल तरच तो तिकडे वळायला शिकेल. म्हणजे त्यानं बरं व्हावं म्हणून मी जिथे नसते तिथेच बसायचं, आणि तिथूनच बोलत राहायचं. मी बसते. कधी कधी एकटीच बोलतेय असं वाटतं.

कालही तिथेच बसले होते. "आणि?" असं त्यानं विचारलं ते समोरच्या खुर्चीला. मी म्हटलं, "बाकी काही नाही."

तेव्हा त्याची मान पुन्हा वळायला लागली, आवाजामागे. मी हललेसुद्धा नाही. किती तरी वेळानं त्याची नजर माझ्या खांद्यापाशी आली, मग चेहऱ्यावर.

"तू इथे कधीपासून बसलीयस?"

"आत्ताच आले," मी म्हटलं.

त्यानं विश्वास ठेवला की नाही, मला माहीत नाही. उठला, बाहेर जाऊन त्यानं दोन्ही चाकांतली हवा सोडली. तो फुसफुस आवाज मी आतून ऐकला. मी बाहेर गेले नाही. आत येऊन म्हणाला, "तिला मी लिहितो." मी म्हटलं, तुला डाव्या बाजूला काही मांडून देऊ का, रंगीत पट्टी वगैरे, म्हणजे ओळ सुरू कुठे करायची ते कळेल. नको म्हणाला. तासभर लिहीत होता. संध्याकाळभर तो मान वळवून वळवून घर बघत होता, जणू कुणाच्या तरी घरी आलाय. हसला एकदाही नाही. अंथरुणावर पडल्यावर त्यानं हात लांब करून माझा खांदा चाचपला आणि हात तिथेच ठेवला. मला वाटलं, तुझं बरोबर होतं. मी उगीच भीत होते.

आज सकाळी मला पंपाच्या आवाजानं जाग आली.

तो अंगणात हवा भरत होता. "कुणीतरी खोडसाळपणानं दोन्ही चाकं सोडली," म्हणाला. नकाशा टेबलावर होता. मी विचारलं, समुद्र? "समुद्र कुठे जाणार?" तेच, त्याच आवाजात. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, असंच होतं, कळलेलं टिकत नाही, पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं, धीर सोडू नका. मी तो कागद रोज उलटा करू शकते, बाई. पण कागद उलटा केला की दर वेळी त्याला ते पहिल्यांदाच कळणार. कालचा त्याचा चेहरा मी रोज कसा बघू ते मला कुणी सांगत नाही. आणि नाही दाखवलं तर तो त्या रस्त्याला निघणार. दोन्हीपैकी काय करावं, मला खरंच कळत नाही. आज मी काहीच केलं नाही. चहा केला. पंप माळ्यावर टाकला, त्याला मी तो टाकताना दिसले नाही. हे इतकं सोपं असतं, त्याचीच लाज वाटते.

तू येच. तिकीट रद्द करू नकोस. तुझी सायकल आणू नकोस. त्याआधी तो तुला फोन करील आणि पहाटे किती वाजता निघायचं ते सांगेल, हसेल, मावशीची चेष्टा करील. तू हो-हो म्हणशील. म्हण. पण काल ज्यानं लिहिलं, त्याचं ऐक.

त्याची चिठ्ठी सोबत ठेवली आहे. घडी त्यानंच घातलीय, कडा जुळलेल्या नाहीत. मी वाचलेली नाही, लिहिताना लांबून पाहिली तेवढीच. ओळी पानाच्या मध्यापासून सुरू होतात. डावीकडचं अर्धं पान कोरं आहे. काही पुसलं गेलंय किंवा दुसरा कागद पाकिटात राहिलाय असं समजून शोधत बसू नकोस. त्याच्या बाजूनं ती चिठ्ठी पूर्ण आहे.

स्टेशनवर तो घ्यायला येईल, मी बरोबर असेनच. गर्दीत हाक मारशील ती त्याच्या उजवीकडून मार. तू पाहुणी आहेस, तुला चालेल. डावीकडे मी आहे.

तुझी,
वहिनी